कुंभाराचा बाप : मातीच्या शिक्षणाचा एक मागोवा

१

भारतीय तर्कशास्त्रात कारणाची चर्चा निघाली की घट येतोच. घट हे कार्य. माती (काटेकोर बोलायचे तर तिची कपाले) हे समवायी कारण. कुंभार, त्याचा दंड आणि चाक ही निमित्तकारणे. ही मांडणी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या 'भाषापरिच्छेदा'त याच चर्चेच्या ओघात 'अन्यथासिद्ध' गोष्टींची एक यादी येते. अन्यथासिद्ध म्हणजे कार्याच्या आगेमागे हजर असूनही ज्यांना कारण म्हणता येत नाही अशा गोष्टी. दंडाचे दंडत्व, दंडाचा रंग, आकाश, कुंभाराचा बाप आणि माती वाहून आणणारे गाढव, अशी ती पाच उदाहरणे आहेत. कुंभाराचा बाप चौथा आणि गाढव पाचवे.

तर्क म्हणून हे निर्दोष आहे. बाप कुंभाराला कारण असतो, घटाला नाही. परंतु 'घट कशामुळे होतो?' याऐवजी 'कुंभार कशामुळे होतो?' असा प्रश्न विचारला की यादी उलटी होते. गेल्या दीडशे वर्षांपर्यंत आपल्याकडे कुंभार घडवणारी एकच शाळा होती आणि ती त्याच्या बापाचे अंगण ही होती. मूल माती तुडवता तुडवता, आवा रचता रचता, चाकाजवळ बसून बापाचा हात पाहता पाहता शिकत असे. अभ्यासक्रम नव्हता, पुस्तक नव्हते, पदवीही नव्हती. पुढे शिक्षणाची आधुनिक व्यवस्था आली. कलाशाळा निघाल्या, आश्रम निघाले, डिझाइनच्या संस्था निघाल्या, मृत्तिकाशिल्पात पदव्युत्तर पदवी मिळू लागली. आणि नैयायिकांनी घटाच्या बाबतीत जे केले तेच या व्यवस्थेने कुंभाराच्या बाबतीत केले. बाप अन्यथासिद्ध ठरला.

हे कसे घडले आणि त्यात काय मिळाले, काय गमावले, याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत. पाय रोवायला भंडारा जिल्हा निवडला आहे. तेथे मृत्तिकाशिल्पाचे मोठे विद्यापीठ आहे म्हणून ही निवड केलेली नाही. या शिक्षणाला लागणारे सारे कच्चे द्रव्य, म्हणजे माती, खनिजे, राख, इतिहास आणि शब्द, तेथे एकत्र पडलेले आहे, हे त्यामागचे कारण आहे.

२

वैनगंगेच्या काठचे पवनी हे जुने तटबंदीचे गाव. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे संयुक्त उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथील स्तूपांचे अवशेष, शिल्पित स्तंभ आणि ब्राह्मी लेख यांमुळे पवनी प्रसिद्ध झाली. पण उत्खननाच्या कोणत्याही थरात संख्येने सर्वांत जास्त निघते ती खापरेच. लेख क्वचित सापडतो, नाणे कधीतरी सापडते. खापर मात्र टोपलीटोपलीने येते. म्हणून पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे खरे शिक्षण खापरांच्या ढिगापुढे बसून होते. काठ कसा वळला आहे, बूड सपाट आहे की गोल, पोत भरड आहे की घोटलेला, वर रंगाचा पातळ लेप आहे काय, हे त्याने बोटांनी ओळखायचे असते.

विदर्भाच्या प्राचीन थरांत मिळणारी काळी-आणि-तांबडी खापरे या दृष्टीने फार बोलकी आहेत. एकाच भांड्याचे आतले अंग आणि काठ काळे, बाहेरचे खालचे अंग तांबडे. हे रंगकाम नव्हे, ही आगीची करामत आहे. मातीतील लोहाला भरपूर हवा मिळाली तर ते तांबडे होते. हवा कोंडली आणि धूर मुरला तर काळे. भांडी पालथी घालून, काठ राखेत वा भुशात रुतवून भाजली की आत हवा पोहोचत नाही आणि बाहेर पोहोचते. हे ज्याने पहिल्यांदा ठरवून केले त्याला लोहाच्या ऑक्सिडीकरणाचे सूत्र ठाऊक नव्हते. परंतु कोणत्या क्षणी हवा द्यावी आणि कोणत्या क्षणी कोंडावी हे त्याला नेमके ठाऊक होते. ते त्याने आपल्या मुलाला दाखवले आणि त्या मुलाने आपल्या मुलाला. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील महापाषाणीय वसाहतींपासून पुढे शतकानुशतके ही रीत टिकली. टिकणे हाच या शिक्षणाचा निकाल होता.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली, जेथे पुढे मृत्तिका आणि काच यांच्या डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण उभे राहिले. १९६६ साली वैद्यनाथ सरस्वती आणि बेहुरा यांनी भारतीय खेड्यांतील कुंभारकामाच्या तंत्रांचे सर्वेक्षण भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणातर्फे प्रसिद्ध केले. १९६९-७० साली पवनी खणली गेली. म्हणजे एकाच दशकात तीन प्रकारचे अभ्यासक मातीकडे वळले. एकाला ती घडवायची होती, दुसऱ्याला नोंदवायची होती आणि तिसऱ्याला वाचायची होती. तिघांच्याही मधोमध गावातला कुंभार उभा होता. तो घडवणाऱ्याला कारागीर वाटला, नोंदवणाऱ्याला माहितीदार आणि वाचणाऱ्याला भूतकाळ समजून घेण्याची किल्ली. सहाध्यायी तो कोणालाच वाटला नाही.

३

साहित्याच्या वाचकांना यात नवल वाटू नये, कारण आपली भाषा फार पूर्वीपासून हेच करत आली आहे. शिक्षणाविषयी बोलताना मराठी माणूस कुंभाराच्या अंगणातूनच शब्द उचलतो. अननुभवी माणूस म्हणजे कच्चे मडके. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोष दुसऱ्यावर ढकलणे म्हणजे खापर फोडणे. या साऱ्या प्रतिमांत विद्यार्थी हे मडके असते आणि गुरू हा कुंभार. कुंभार स्वतः विद्यार्थी आहे, त्यालाही कधी कच्चेपण होते, त्यालाही कोणी घडवले आहे, असे सुचवणारी म्हण शोधूनही सापडत नाही. आपल्या भाषेने कुंभाराला गुरूची उपमा केले आणि त्याचे शिकणे अदृश्य करून टाकले.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो वारकरी परंपरेने जपला आहे. तेर येथील गोरोबाकाकांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. संतांचा मेळा जमलेला असताना कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याची परीक्षा गोरोबांनी थापटण्याने घेतली, आणि नामदेव कच्चे ठरले. त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे गेले. या कथेचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार नेहमी सांगतात. आम्हांला तिच्यातील व्यावसायिक तपशील महत्त्वाचा वाटतो. भाजलेल्या भांड्यावर टिचकी वा थापटी मारून नादावरून त्याचा पक्केपणा ओळखणे ही कुंभाराची रोजची परीक्षा आहे. खणखणीत नाद म्हणजे कण एकमेकांना घट्ट जुळले. बद्द आवाज म्हणजे भाजणे अपुरे किंवा कुठेतरी न दिसणारा तडा. ही परीक्षा डोळ्याने होत नाही, कानाने आणि हाताने होते. या कथेत ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई अशी मंडळी बसली आहेत, तरी परीक्षक कुंभार आहे. वाङ्मयात कुंभाराच्या ज्ञानाला ज्ञान म्हणून मान मिळाल्याचा हा दुर्मीळ प्रसंग आहे. मराठी विद्यापीठांनी तो अभ्यासक्रमात भक्तीच्या प्रकरणात घातला. तो शिक्षणशास्त्राच्या प्रकरणातही बसतो.

४

आधुनिक शिक्षणाचा पहिला पाडाव मुंबईत पडला. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून आले आणि १८७५ साली लाहोरला गेले. जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकात तेथे कुंभारकामाला चालना मिळाली. सिंधमधील झिलईदार भांड्यांची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेले आकृतिबंध यांचा संगम करून तयार झालेली ही भांडी प्रदर्शनांतून गाजली. शाळेबाहेर टेरी यांचा 'वंडरलँड आर्ट पॉटरी' हा कारखानाही चालला. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या काळातील नमुने आजही पाहायला मिळतात. गडद निळा, हिरवट, मधासारखा पिवळा अशा झिलया आणि त्यांवर अजिंठ्याच्या वेलबुट्ट्या.

ही भांडी सुंदर आहेत. परंतु त्यांच्या घडणीतील श्रमविभाग पाहण्याजोगा आहे. घाट देणारा हात परंपरागत कारागिराचा, नक्षीची रेघ कलाविद्यार्थ्याची आणि कल्पना साहेबाची. शिवाय अजिंठ्याची नक्षी ही भिंतीवरची; मातीच्या वळणातून ती जन्मलेली नव्हती. शाळेत 'कला' शिकवली जात होती ती कागदावर आणि 'काम' होत होते ते चाकावर. याच भेदातून पुढे पदवी कोणाला आणि मजुरी कोणाला हे ठरले. १८९१ साली शाळेला जोडून लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या, त्यांचा हेतू हे अंतर कमी करण्याचा होता. पण विद्यार्थी आणि कारागीर हे दोन शब्द एकाच माणसाला लागू होण्याची वेळ फार उशिरा आली.

१८५७ या सालाला आणखी एक अर्थ आहे. त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. एकाच शहरात एकाच वर्षी एकीकडे कलाशाळा उघडली आणि दुसरीकडे गावगाड्यातील शब्दांचे भांडार छापून झाले. रांजण, डेरा, माठ, घागर, मडके, गाडगे, बोळके, सुगड, परळ, केळी, पणती यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या मापाचा, वेगळ्या तोंडाचा, वेगळ्या उपयोगाचा आहे. डिझाइनच्या आजच्या परिभाषेत बोलायचे तर ही वस्तूंची संपूर्ण श्रेणी आहे. कलाशाळेने कोश उघडून पाहिला असता, तर तिला अजिंठ्यापर्यंत जाण्याची गरज पडली नसती.

५

दुसरा पाडाव वर्ध्याला. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत ग्रामोद्योगांच्या शास्त्रीय अभ्यासाला सुरुवात केली. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम पुढे आली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा विषय न राहता शिक्षणाचे माध्यम व्हावा, हा तिचा गाभा होता. मुंबईच्या शाळेने कारागिराला कलेच्या सेवेस जुंपले, वर्ध्याने विद्यार्थ्याला कारागिराच्या ओसरीवर बसवले. विचाराच्या पातळीवर हा फार मोठा उलटफेर होता.

याच परंपरेतून विदर्भात एक काम उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १९५० च्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या रूपाने कुंभारांसाठी प्रशिक्षण आणि उत्पादनाचे केंद्र उभारले. उघड्या आव्याकडून बंद भट्टीकडे, साध्या लाल भांड्याकडून झिलईदार भांड्याकडे जाण्याची वाट पिढीजात कुंभाराला खुली व्हावी, हा त्यामागचा हेतू. सीमाभागात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभारकाम संस्थेनेही असेच प्रशिक्षण दिले. भद्रावतीला कलावंत आणि कलाविद्यार्थीही येऊ लागले. एका बाजूला पदवी असलेले पण चाक न बसलेले हात, दुसऱ्या बाजूला चाक बसलेले पण झिलईचे गणित न शिकलेले हात, हे दोन्ही एकाच भट्टीपाशी उभे राहिले. ज्याला आम्ही खरे पदव्युत्तर शिक्षण म्हणू त्याची सुरुवात अशा ठिकाणी होते.

६

तिसरा पाडाव अहमदाबादचा, आणि त्याचा संबंध भंडाऱ्याशी एका अनपेक्षित वस्तूने जुळतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला डिझाइनच्या शिक्षणाविषयी अहवाल दिला. त्या अहवालात या दांपत्याने सर्वाधिक कौतुकाने ज्या वस्तूचा विचार केला ती होती लोटा. लोटा डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो, तो किती भरायचा, कसा ओतायचा, कसा घासायचा, हातात त्याचा तोल कसा राहतो, अशा प्रश्नांची मालिका मांडून त्यांनी दाखवले की हा आकार एका माणसाने ठरवलेला नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडवलेला आहे.

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. गावाचे नावच भांड्यांशी जोडण्याची लोकव्युत्पत्ती आहे. धातूची भांडी करणाऱ्यांच्या या गावात लोट्याचे कौतुक वाचताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी की, पितळेने मातीचे बरेच काम हिरावून घेतले आणि पुढे पोलाद व प्लॅस्टिकने पितळेचे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ईम्स दांपत्याने ज्याला अनेक पिढ्यांची निर्मिती म्हटले, तेच तर नैयायिकांचे 'कुलालजनक' होते. आधुनिक डिझाइनशिक्षणाच्या पायाभूत दस्तऐवजाने कुंभाराच्या बापाला पुन्हा कारणांच्या यादीत घेतले. मात्र त्या दस्तऐवजावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत बापाला वर्ग नव्हता, वेतनश्रेणी नव्हती, आणि प्रवेशपरीक्षेची भाषा त्याला येत नव्हती.

७

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढेल की शाळा वाईट आणि अंगण चांगले. तो निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. अंगणाची शाळा सर्वांना खुली नव्हती. ती एका जातीची होती. बलुत्याच्या चौकटीत कुंभाराला गावाची भांडी द्यावी लागत आणि सुगीला धान्याचा वाटा मिळे. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) या व्यवस्थेचे जे दर्शन घडते ते रम्य नाही. त्याहून मोठी भिंत घरातच होती. माती चाळणे, भिजवणे, तुडवणे, भांडी रंगवणे, आवा रचायला मदत करणे आणि बाजारात विकणे ही कामे बाईने करायची. पण देशाच्या अनेक भागांत चाकाला तिने हात लावायचा नाही असा दंडक होता. बापाची विद्या मुलाला मिळे, मुलीला नाही.

ही भिंत शाळेने पाडली. निर्मला पटवर्धन यांचे उदाहरण पुरेसे आहे. शांतिनिकेतनमध्ये कलाशिक्षण घेऊन त्यांनी जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये मृत्तिकाकामाचे शिक्षण घेतले आणि भारतात परतून झिलईच्या संशोधनाला वाहून घेतले. १९८४ साली त्यांचे कुंभारांसाठीचे हस्तपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याआधी आपले विद्यार्थी बर्नार्ड लीच यांच्या १९४० सालच्या पुस्तकावर विसंबत. ते पुस्तक थोर आहे, परंतु त्यातील दगड कॉर्नवॉलचा, माती इंग्लंडची आणि राखही तिकडच्या झाडांची. ते प्रमाण जसेच्या तसे घेऊन येथे भट्टी लावली की झिलई कधी ओघळते, कधी खडबडीत राहते. भारतीय द्रव्यांवर प्रयोग करून, त्यांची प्रमाणे नोंदवून ती सर्वांना खुली करणे हे पटवर्धनांचे काम. कुंभाराच्या घरात जे ज्ञान हातातून हातात जाई आणि घराबाहेर जात नसे, ते येथे पुस्तकात आले. शाळेची सर्वांत मोठी देणगी आम्ही हीच मानतो. नोंद ठेवलेले ज्ञान कोणाच्याही मुलीला मिळू शकते.

याच मार्गाने भंडाऱ्याकडे पाहिले तर काय दिसते? झिलईला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. काच होणारी सिलिका, तिला ओघळू न देणारी ॲल्युमिना आणि ती वितळवणारे द्रावक. भंडारा हा धानाचा जिल्हा. धानाच्या तुसाच्या राखेत सुमारे नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिका असते. जपानमधील कुंभार याच राखेपासून 'नुका' नावाची दुधाळ पांढरी झिलई शतकानुशतके करत आले आहेत. जी राख आपल्याकडे गिरणीमागे ढीग होऊन पडते ती तिकडे चहाच्या पेल्यावर मोत्यासारखी उतरते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हेच द्रव्य झिलईत तपकिरी, जांभळट, आणि लोहाबरोबर काळा रंग देते. मात्र सुमारे १०८० अंश सेल्सियसच्या वर ते प्राणवायू सोडते आणि झिलईला फोड येतात, म्हणून ते जपून वापरावे लागते, आणि त्याची वाफही विषारी असते. दहेगाव परिसरात कायनाइट आणि पोहऱ्याच्या बाजूला सिलिमनाइट आहे. ही ॲल्युमिनाने समृद्ध खनिजे उच्च तापमानात म्युलाइट बनतात. भट्टीच्या विटा आणि आतल्या फळ्या अशाच द्रव्यांपासून करतात. कायनाइट तापताना फुगते, म्हणून ते आधी भाजून घ्यावे लागते; सिलिमनाइट फार कमी फुगते.

पदव्युत्तर विद्यार्थी या द्रव्यांशी ज्या रीतीने झगडतो ती रीत पाहण्यासारखी आहे. तुसाची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार ही त्रिकोणाची तीन टोके धरायची. दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी मिश्रणे केली की सहासष्ट नमुने होतात. प्रत्येक नमुना मातीच्या लहान फरशीवर लावायचा, मागे क्रमांक खोदायचा, बाराशे-तेराशे अंशांपर्यंत भाजायचा आणि सकाळी भट्टी थंड झाल्यावर ओळीने मांडून पाहायचा. बहुतेक फरशा निरुपयोगी ठरतात. चार-दोन बोलतात. त्यांच्याभोवती पुन्हा लहान त्रिकोण आखायचा. ही साधना आहे आणि तिचा स्वभाव पाठभेद तपासणाऱ्या संपादकाच्या कामासारखा आहे. धीर, नोंद आणि एका अक्षराचा फरक ओळखणारी नजर दोन्हीकडे लागते.

येथेच विसंगती उघडी पडते. गावातल्या कुंभाराचा उघडा आवा साधारण सातशे-आठशे अंशांपर्यंत पोहोचतो. त्याच्याच जिल्ह्याच्या पोटात तेराशे अंश सोसणाऱ्या भट्टीचे द्रव्य आहे, शेतात झिलईची सिलिका आहे, खाणीत रंग आहे. आणि हे सारे त्याच्या दारावरून ट्रकने दूर जाते. दुसरीकडे, महानगरातील विद्यार्थी पिशवीबंद द्रव्ये विकत घेऊन झिलई करतो. त्या पिशवीतल्या द्रव्याचे गाव त्याला ठाऊक नसते. एकाकडे भूमी आहे पण गणित नाही, दुसऱ्याकडे गणित आहे पण भूमी नाही.

८

राज्याच्या व्यवहारातही कुंभाराची व्याख्या दोन प्रकारे होते. महाराष्ट्रातील गौण खनिजांच्या नियमांत पिढीजात कुंभाराला मातीवरील स्वामित्वधनात सवलत आहे. म्हणजे महसूल खात्याच्या दृष्टीने कुंभार बापावरून ठरतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभाराचा समावेश आहे. त्यात काही दिवसांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. येथे कुंभार प्रमाणपत्राने ठरतो. ज्याने आयुष्यभर चाक फिरवले त्याला पाच-सात दिवस शिकवून प्रमाणपत्र द्यायचे, आणि ज्याने दोन-अडीच वर्षे फरशा भाजल्या त्याला पदव्युत्तर पदवी द्यायची. या दोन कागदांमधल्या अंतरात आपल्या शिक्षणाचा सगळा इतिहास मावतो. हे अंतर ओलांडणारी माणसे आहेत. बिहारमधील कुंभार कुटुंबातून येऊन भाईंदर येथे स्टुडिओ उभारणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. परंतु एका माणसाच्या कर्तृत्वाने ओलांडलेली दरी ही पूल झाली असे होत नाही.

पूल कसा व्हावा? भट्टी आणि निधी यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही साहित्याच्या बाजूने एकच गोष्ट सुचवू. मृत्तिकाशिल्पाचे उच्चशिक्षण इंग्रजीत चालते. विद्यार्थी खेड्यात जातो, कुंभाराच्या कामाची नोंद करतो, आणि ती नोंद अशा भाषेत लिहितो जी तो कुंभार वाचू शकत नाही. कुंभाराचे शब्द त्या दस्तऐवजात तिरक्या अक्षरांत, शेवटच्या सूचीत जातात. परंतु ते शब्द म्हणजेच त्याचे शास्त्र आहे. माती किती 'मुरली', घाट कुठे 'धरला', आवा केव्हा 'पिकला', मडके 'बद्द' वाजते की 'खणखणीत', या क्रियापदांत आणि विशेषणांत तापमान, वेळ, ओलावा आणि दाब यांची मोजमापे दडलेली आहेत. तापमापकाचा काटा जे अंकात सांगतो ते ही भाषा नादात आणि रंगात सांगते. तो शब्द हरवला की त्यामागचे निरीक्षणही हरवते. आणि विदर्भाच्या बोलीतील असे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी आता उतारवयाकडे झुकली आहे.

म्हणून मराठीच्या पदव्युत्तर वर्गांना आमची विनंती आहे की लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी ओव्या आणि उखाणे गोळा करतो तसे व्यवसायाचे शब्दही गोळा करावेत. भंडारा, पवनी, तुमसर, साकोली, लाखांदूर अशा गावांतील कुंभारवाड्यांत बसून एकेका शब्दाचा अर्थ कृतीसह नोंदवावा. तो शब्द कोणत्या भांड्याच्या, कोणत्या ऋतूतल्या, कोणत्या हालचालीचा आहे हे लिहून ठेवावे आणि मृत्तिकाशिल्पाच्या विद्यार्थ्यांनी त्याच शब्दांत आपली प्रमाणे मांडावीत. तुसाच्या राखेच्या झिलईची सहासष्ट मिश्रणे मराठीत छापली गेली, तर ती वाचणारा पहिला माणूस कदाचित ज्याच्या अंगणात ती राख पडली आहे तोच असेल. माजी मालगुजारी तलावांची माती, गिरणीची राख आणि खाणीचा रंग यांतून तो जे घडवील त्याला कोणाच्या अजिंठ्याची नक्षी लागणार नाही.

नैयायिकांशी आमचे भांडण नाही. घटाच्या कारणांत कुंभाराचा बाप खरोखरच बसत नाही. परंतु ज्या विद्येत घट करणारा घडवायचा आहे, तेथे बापाला वगळून चालणार नाही, आणि केवळ बापावर थांबूनही चालणार नाही. मुलीलाही चाक मिळाले पाहिजे, परक्यालाही माती मिळाली पाहिजे, आणि ज्याच्याजवळ ती आधीपासून आहे त्याला गणित मिळाले पाहिजे. पवनीच्या खापरावर काळा आणि तांबडा असे दोन रंग एकाच आगीत उमटले, कारण कोणीतरी हवा कुठे द्यायची आणि कुठे रोखायची याचा विचार केला होता. आपल्या शिक्षणाच्या आव्यात हवा कोणाला मिळते आणि कोण धुरात राहतो, याचाही कोणीतरी तितक्याच बारकाईने विचार केला पाहिजे.